तांब्यांची कविता : मात्रा, नाद आणि अर्थ

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. पुढे ते या संस्थानचे राजकवी झाले आणि १९४१ साली ग्वाल्हेरातच त्यांनी देह ठेवला. आपल्या घरांत त्यांचे नाव आजही जिव्हाळ्याने घेतले जाते. परंतु ते आपल्याला भेटतात ते बहुधा लता मंगेशकरांच्या स्वरांतून. गीत ऐकले जाते, कविता वाचली जात नाही. परिणामी ‘गेय कवी’ एवढ्या विशेषणावर त्यांची बोळवण होते. ही गेयता चालीने दिलेली की शब्दांत मुळातच असलेली, हा प्रश्न म्हणूनच विचारावयास हवा.

अक्षरगणवृत्तात प्रत्येक लघु-गुरूचे स्थान ठरलेले असते. जातिरचनेत आवर्तनातील मात्रांची बेरीज सांभाळली की पुरे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त या भेदाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तांब्यांचा ओढा जातीकडे होता, आणि तेथे मिळणारे स्वातंत्र्य त्यांनी अर्थासाठी वापरले.

‘नववधू’ हे गीत पाहा. त्याच्या पहिल्या चरणात सोळा मात्रा आहेत, आठ-आठांच्या दोन आवर्तनांत विभागलेल्या. पहिल्या आठ मात्रांत लघूंची चपळ गर्दी आहे. नंतर यती येते आणि दुसरे आवर्तन गुरूंनी जड पावलाने सुरू होते. पाऊल उचलावे आणि उंबरठ्यावर थबकावे, तशी ही गती आहे. वरवरचे चित्र माहेर सोडणाऱ्या वधूचे; सूचित अर्थ इहलोक सोडणाऱ्या जीवाचा. अन्योक्तीतील ही घालमेल मात्रांच्या मांडणीतच उतरली आहे. चाल नंतर आली.

याउलट ‘रुद्रास आवाहन’ पाच मात्रांच्या आवर्तनांत चालते. पाचाचे दोन समान भाग पडत नाहीत, त्यामुळे लय कोठेही विसावत नाही. त्यातच डमरू, शूल, शंख यांचे अनुकरणवाचक ध्वनी आणि ‘ड’, ‘ख’, ‘ण’ यांची आवृत्ती. येथील अनुप्रास शोभेचा नाही. देवतेचे आगमन कानाला आधी कळते, मनाला मागाहून. ज्यांना तांबे केवळ मृदुमधुर वाटतात, त्यांनी ही कविता अवश्य मोठ्याने वाचावी.

दोष नाही असे नव्हे. ‘रे’, ‘गडे’ यांसारखी संबोधने कधी भावाची जवळीक साधतात, तर कधी नुसती मात्रा भरून काढतात. नादाची भूल पडली की प्रतिमा तीच ती होते. गायनात हा दोष झाकला जातो, वाचनात उघडा पडतो. परंतु वर सांगितलेले सूक्ष्म गुणही वाचनातच हाती लागतात.

आणि येथेच आपल्या पिढीची जबाबदारी आहे. बोलताना, मराठीत असो वा हिंदीत, शब्दाच्या अंती येणारा अकार आपण गिळतो. कवितेत तो उच्चारावा लागतो, एरवी पाचाच्या चार मात्रा होतात आणि रुद्र लंगडतो. हे पुस्तकातून कळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूनच जिभेवर बसते. लष्करातील जुन्या घरांत नातवंडांना कविता म्हणून दाखविणारे जोवर आहेत, तोवर हे ज्ञान जिवंत राहील. ध्वनिमुद्रिका चाल जपतील. वाचन आपणच जपावयाचे आहे.