न झालेल्या सभा

मे २०२०च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एक ऑनलाइन सभा व्हायची होती. ती झालीच नाही. वक्ते होते अडॉल्फ रीड. कृष्णवर्णीय, मार्क्सवादी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. बोलावणारी संघटना होती 'डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका'. आक्षेप घेणारेही समाजवादीच होते, आणि त्यांत याच संघटनेतला कृष्णवर्णीय व इतर गोरेतर समाजवाद्यांचा गट पुढे होता.

रीड यांचं म्हणणं थोडक्यात असं : कोविडने काळी माणसं जास्त मरताहेत, एवढ्याच आकड्यावर डाव्यांनी भर दिला तर सगळ्या वंशांच्या कष्टकऱ्यांना एकत्र आणणारं राजकारण दुबळं होतं. आक्षेप असा, की हे प्रतिगामी आहे, यात वंशाचा प्रश्न वर्गाच्या पोटात ढकलून दिलाय. विरोधक झूमवर शिरून सभा उधळतील अशीही धास्ती होती. शेवटी रीड आणि आयोजकांनी मिळून कार्यक्रम रद्द केला.

मराठी वाचकाला ही बातमी परकी वाटायचं कारण नाही. 'आधी जात की आधी वर्ग' हे भांडण आपल्या घरातलं आहे. म्हणूनच त्याकडे बघ्यासारखं न पाहता समीक्षकासारखं पाहायला हवं.

आधी दोन्ही बाजू नीट ऐकू. रीड यांच्या युक्तिवादात दम आहे. 'काळे जास्त मरतात' हे वाक्य कारणाशिवाय फिरत राहिलं, तर ऐकणारा कारण काळ्यांच्या शरीरात किंवा सवयींत शोधू लागतो. खरी कारणं असतात घरी बसून करता न येणारी नोकरी, दाटीवाटीचं घर, न परवडणारा दवाखाना. ही कारणं गरीब गोऱ्यालाही लागू आहेत. पण आक्षेपातही तितकाच दम आहे. ती नोकरी आणि ते घर कुणाच्या वाट्याला येतं, हेच अमेरिकेत वंशाने ठरवलंय. मग वंश बाजूला ठेवून वर्ग मोजायचा कसा?

आता आपल्याकडे येऊ. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरवायची, हा तोवरचा रिवाज. पुण्यात त्याला कडाडून विरोध झाला, मंडप जाळण्याची धमकीही दिली गेली. भांडणाचा आकार ओळखीचाच : आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक? न्यायमूर्ती रानड्यांनी जागा बदलली आणि परिषद दुसरीकडे घेतली. मंडप गेला, परिषद राहिली.

दुसरा प्रसंग १९३६चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाला तो झेपेना. आंबेडकर एक स्वल्पविराम बदलायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली. आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या.

गंमत म्हणजे रीड आणि त्यांचे आक्षेपक ज्यावर भांडत होते, त्याची थेट चर्चा या न झालेल्या भाषणात आहे. आंबेडकर तिथे समाजवाद्यांनाच विचारतात : आर्थिक क्रांती करणार कोण? क्रांतीनंतर आपल्याला बरोबरीने वागवलं जाईल, जात पाहिली जाणार नाही, ही खात्री नसेल तर माणसं एकत्र येतीलच कशाला? जातीने नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली, हा त्यांचा मुद्दा. तो मान्य केला की 'आधी काय' हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारलाय, असं लक्षात येतं. वर्ग संघटित करायचा असेल, तर त्याला ज्या ठिकाणी चिरलंय तिथेच हात घालावा लागतो.

हे पुस्तकात जमतं, संघटनेत जमवणं कठीण. दलित पँथर याचा पुरावा आहे. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. १९७३च्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाची व्याख्या केली ती मुद्दाम रुंद : अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकारण, अर्थकारण किंवा धर्माच्या नावाखाली पिळला जाणारा प्रत्येकजण. राजा ढाले यांना या मजकुरात कम्युनिस्टांचा हात दिसला. नामदेव ढसाळांना हीच व्याख्या हवी होती. १९७४ मध्ये पँथर फुटली.

जाहीरनामा लेखन म्हणून वाचला तर ती यादी ही त्याची ताकद आहे आणि कच्चा दुवाही. यादीत सगळे शेजारी-शेजारी उभे राहतात. पण एकाच बाईत यातल्या तीन-चार ओळी एकत्र आल्या तर काय, हे यादी सांगत नाही. ते 'गोलपिठा'तल्या कविता सांगतात. कामाठीपुऱ्याच्या परिसरातलं जग तिथे आधी जात, मग वर्ग, मग बाई असं रकान्यांत येत नाही, एकदम अंगावर येतं.

म्हणून या वादाची परीक्षा घ्यायची, तर ती आपल्या बुधवार पेठेत घ्यावी. इथेच भिडे वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. तेव्हा पुण्यातून अमेरिकेकडे पाहणं ही आजची फॅशन नव्हे. पण फुल्यांचं पाहणं वळून घरी येत होतं. अर्पणपत्रिकेतच त्यांनी देशबांधवांना शूद्रांच्या सुटकेचं काम दाखवून दिलं.

याच पेठेत पुण्याची लालबत्ती वस्ती आहे. मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये तिथला धंदा एका दिवसात बंद पडला. खोलीचं भाडं मात्र चालू राहिलं. अनेक बायका परप्रांतातल्या. रेशन कार्ड नाही, पत्त्याचा पुरावा नाही. आपल्याकडच्या कोविडच्या रोजच्या आकड्यांत जातीचा रकाना नव्हता. तेव्हा आकडा कसा वाचायचा हा अमेरिकेतला वाद इथे सुरूच होऊ शकत नव्हता.

इथे वाद झाला तो नावाचा. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या स्त्रियांना असंघटित कामगार म्हणून नोंदवण्याची शिफारस केली. त्यावर आक्षेप आले आणि पुढच्याच महिन्यात आयोगाने शब्द बदलून मानवतेच्या भूमिकेतून मदतीची भाषा धरली. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा पाच हजार रुपये, आणि शाळकरी मुलं असतील तर अडीच हजार जास्त, असं साहाय्य जाहीर केलं.

'कामगार' म्हटलं की हक्क येतो, 'पीडित' म्हटलं की दया येते. पण नुसतं 'कामगार' म्हटलं की कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या मुली या कामापर्यंत आणल्या जातात, हे झाकलं जातं. रीड आणि त्यांचे आक्षेपक दोघांनाही या गल्लीत उत्तर द्यावं लागलं असतं, आणि दोघांचंही अर्धंच उत्तर बरोबर ठरलं असतं.

म्हणून ती सभा रद्द होणं मला चूक वाटतं. रीड बरोबर होते म्हणून नव्हे. वादातला मुद्दा पोटाचा होता म्हणून. मृत्यूचं कारण काय मानायचं यावर मदत कुणाला मिळणार हे ठरत होतं. शिवाय झूमची सभा रद्द करणं फार सोपं असतं. हॉलमध्ये विरोधकाला उठून, तोंड दाखवून बोलावं लागतं. बाकीचे लोक त्याला आणि वक्त्याला एकाच वेळी पाहतात. झूमवर एक म्यूट करतो, दुसरा चॅटमध्ये आरोळी ठोकतो, आणि लिंकच काढून टाकली की रिकाम्या खुर्च्याही दिसत नाहीत.

आंबेडकरांची परिषदही झाली नव्हती. पण छापील पुस्तकात त्यांनी मंडळाबरोबरचा पत्रव्यवहार घातला. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका घातली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर. आज ते पुस्तक उघडणाऱ्याला बोलावणाऱ्यांची अडचण, विरोधकाचा आक्षेप आणि वक्त्याचा जवाब हे सगळं एकाच जिल्दीत मिळतं. न्यूयॉर्कच्या सभेचं तसं झालं नाही. रीड यांचे लेख एका टॅबमध्ये, आक्षेपकांची निवेदनं दुसऱ्या टॅबमध्ये. दोघांना समोरासमोर बसवायचं काम वाचकावर येऊन पडलंय.