‘शॅल’ आणि ‘मे’ : अर्थ शब्दाचा की योजनेचा?

इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे शिकवताना ‘शॅल’ म्हणजे आज्ञा आणि ‘मे’ म्हणजे मुभा, असे समीकरण मांडण्याची प्रथा रूढ आहे. ते सोयीचे असले तरी शास्त्रशुद्ध नाही. या शब्दांची योजना जेथे अत्यंत सावधपणे केलेली असते, त्या कायद्याच्या भाषेवर ते घासून पाहिले म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते.

भारतीय संविधानाच्या १४३ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवण्याची तरतूद आहे. न्यायालयाने मत कळवण्याविषयी पहिल्या खंडात ‘मे’, तर दुसऱ्यात ‘शॅल’ योजिले आहे. केरळ शिक्षण विधेयकासंबंधी १९५८ साली मत देताना न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला : दुसऱ्या खंडाखालील पृच्छा विचारात घेणे बंधनकारक, पहिल्याखालील ऐच्छिक. अयोध्येविषयीची १९९३ ची पृच्छा पहिल्या खंडाखालील होती. तिला उत्तर देण्याचे न्यायालयाने १९९४ साली नाकारले. येथे समीकरण टिकले खरे. परंतु ते टिकले याचे कारण दोन्ही शब्द एकाच अनुच्छेदात समोरासमोर उभे आहेत. परस्परविरोधामुळेच त्यांच्या अर्थांना धार आली आहे.

याउलट ३२० व्या अनुच्छेदाचे उदाहरण घ्यावे. लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्यासंबंधी तेथेही ‘शॅल’च आहे. तथापि उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात १९५७ साली न्यायालयाने ती तरतूद आज्ञापक न मानता केवळ निदेशक मानली. विचारविनिमय झाला नाही एवढ्याने शासनाची कारवाई रद्द ठरत नाही, असा निर्णय दिला. आयोगाचा सल्ला शासनावर बंधनकारक नाही आणि काही बाबी विनियमांद्वारे वगळण्याची मुभा त्याच अनुच्छेदात आहे, या गोष्टी निर्णायक ठरल्या. शब्द तोच, बंधनाचे बळ मात्र निराळे.

जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘शॅल’ व ‘विल’ यांची पुरुषानुसार वाटणी करून निव्वळ भविष्यकथन एकीकडे आणि वचन वा धमकी दुसरीकडे ठेवली. मराठीत अशी वाटणी नाही. ‘समिती अहवाल सादर करील’ हे वाक्य वृत्तपत्रात भाकीत ठरते, सभेत आश्वासन ठरते आणि अधिनियमात आज्ञा ठरते. मराठी वाचक ही निवड नकळत प्रसंगावरून करीत असतो. इंग्रजीकडे वळताच मात्र तो प्रसंग विसरतो आणि सारा भार एकट्या शब्दावर टाकतो.

म्हणून ‘शॅल’चा प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न दुय्यम होय. बंधन कोण घालतो, कोणावर घालतो आणि ते मोडल्यास काय होते, हे आधी विचारले पाहिजे. त्यांची उत्तरे हाती नसताना केलेले भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कोणाचा हक्क वाढवील आणि कोणाचा हिरावील, याचा भरवसा देता येत नाही.