‘सत्तावीस’ की ‘वीस सात’? : संख्यावाचनाच्या वादाची चिकित्सा

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन सुचविण्यात आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधिमंडळातही त्याची थट्टा झाली. वास्तविक पारंपरिक शब्द हद्दपार झालेले नव्हते. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तसे स्पष्टही केले. परंतु चर्चा भाषिक अस्मितेपाशीच घुटमळली आणि वर्गातील मुलाची अडचण बाजूला पडली.

ती अडचण काल्पनिक नाही. ‘सत्तावीस’ उच्चारताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. म्हणून ऐकून लिहिणारे मूल २७ ऐवजी ७२ लिहून मोकळे होते. ‘त्रेसष्ट’, ‘अठ्ठ्याण्णव’ यांतील जोडाक्षरांचा जाच निराळाच. शेजारच्या कन्नड, तेलुगू भाषांत दशक आधी उच्चारला जातो. नॉर्वेने १९५१ साली अधिकृतपणे हीच पद्धत स्वीकारली. जुनी पद्धत मात्र लोकांच्या बोलण्यातून पुरती गेली नाही. तेव्हा या बदलास मराठीवरील आघात म्हणणे अतिशयोक्तीचे होते.

तथापि समर्थनाच्या युक्तिवादातही एक उणीव राहते. पारंपरिक संख्यानामे म्हणजे केवळ पाठांतराचे ओझे नव्हे. एकोणीस ते एकोणनव्वद या मालिकेतील आठ नामांत ‘एक उणे’ ही वजाबाकीच दडलेली आहे (नव्व्याण्णव तेवढे अपवाद). एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे ज्याला उमगले ते मूल २९ आणि ४६ यांची बेरीज ७६ मधून एक वजा करून तोंडी सांगते. ‘वीस नऊ’मध्ये ही वाट दिसत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव भागांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या संदर्भात प्रश्न अधिक टोकदार होतो. हंगामात शाळा सुटते. ‘सत्तावीस’ मात्र दुकानात, उचलीच्या हिशेबात कानावर पडतच राहते. ‘वीस सात’ला वर्गाबाहेर ठिकाण नाही. परतलेल्या मुलासाठी नवे वाचन पूल म्हणून निश्चित उपयोगी आहे. परंतु दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधण्या-सोडण्याचा अनुभव त्यास मिळालेला नसेल, तर काल ७२ लिहिणारे तेच मूल उद्या ‘वीस सात’ ऐकून २०७ लिहील.