पाटीवरचे नाव

चित्रपटसमीक्षेत 'वास्तव' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दृश्य खऱ्या जागी टिपले की ते वास्तव, अशी सवय प्रस्थापित समीक्षेने लावली आहे. ते वास्तव उभे करताना कोणाचे शरीर पणाला लागले, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून सारा जोन्सची आठवण मला महत्त्वाची वाटते.

सारा २७ वर्षांची, कॅमेरा विभागातील दुय्यम सहायक. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका नदीवरील रेल्वेपुलावर 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचे काम चालू होते. स्वप्नदृश्यासाठी रुळांवर दवाखान्यातली लोखंडी खाट मांडली होती. रेल्वेकंपनीने चित्रीकरणास लेखी नकार दिला होता. तो व्यवस्थापनातील काहींना ठाऊक होता. कामगारांपर्यंत पोचला नव्हता. मालगाडी आली. अरुंद पुलावर पळायला जागा नव्हती. सारा ठार झाली, इतर अनेक जखमी झाले. २०१५ मध्ये दिग्दर्शकाने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगवास झाला. चित्रपट पुरा झालाच नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. दोन्ही बाजूंना लाल झेंडी घेऊन माणूस उभा राहिल्याशिवाय ते पहारीला हात लावीत नसत. त्यांना अक्षर येत नव्हते. पण गाडी कलावंत आणि मजूर असा भेद करीत नाही, एवढे त्यांना कळत होते. भेद माणसे करतात. दिग्दर्शक स्वतःही पुलावर होता, हे खरे. परंतु तेथे जायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याला होता, साराला नव्हता.

साराचा प्रश्न जातीचा नव्हता. तसा तो रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही माहिती वर अडकते आणि हुकूम तेवढा खाली उतरतो, ही उतरंड आपल्याला अनोळखी नाही. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांचीच विभागणी कशी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

तिच्या मृत्यूनंतर ठिकठिकाणच्या कॅमेरा सहायकांनी क्लॅपच्या पाटीवर तिचे नाव लिहिले. ही पाटी धरणे हे तिच्याच हुद्द्याचे काम. आणि संकलनात सर्वांत आधी कापली जाते ती हीच पाटी. प्रेक्षकाला ती कधी दिसत नाही. कामगारांनी आपल्या माणसाचे नाव नेमके तेथे लिहिले, याहून बोलकी समीक्षा मी वाचलेली नाही.

मात्र करुणा हा हक्काला पर्याय नव्हे, हे दलित साहित्याने आपल्याला शिकवले आहे. परवानगीचा कागद पाहण्याचा आणि काम न गमावता 'नाही' म्हणण्याचा हक्क शेवटच्या सहायकाला मिळेल, तेव्हाच त्या नावाचे ऋण फिटेल.

वर्गात एखाद्या धाडसी दृश्याची वाहवा झाली की आता मी विद्यार्थ्यांना विचारतो : झेंडी घेऊन कोण उभे होते?