अबोल चुरस

वर्गातल्या दोन हुशार मुलांची चुरस आणि तिच्याआड दडलेलं, कुणीच न उच्चारलेलं प्रेम हा जपानी मांगाचा जुना, लाडका विषय. मुलींसाठीच्या शोजो मासिकांत तो चांगलाच रुजला. माकी मिनामींच्या ‘स्पेशल ए’मधली हिकारी सहा वर्षांची असल्यापासून केईकडून हरते आहे. तो तिला ‘दुसरा क्रमांक’ म्हणूनच हाक मारतो आणि त्याच्या मनात काय आहे हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. मासामी त्सुदांच्या ‘कारे कानो’त युकिनो प्रवेशपरीक्षेत अरिमाच्या मागे पडते आणि चडफडत अभ्यासाला लागते. जिथे प्रवेशपरीक्षा उभं तारुण्य व्यापून टाकतात, तिथे कोण कुणाकडे किती लक्ष देतं हे गुणवत्ता यादीवरूनच कळायचं.

ही चुरस जादूच्या शाळेत नेली की काय होतं? गेल्या दशकात अशा शाळांचं उदंड पीक आलं आहे. त्यातल्या बहुतेकींत अभ्यासच उरलेला नाही, ही माझी तक्रार. फुजिनो ओमोरी आणि तोशी आओई यांची ‘विस्टोरिया’ २०२० पासून चालू आहे. आओईंची रेषा जबरदस्त आहे, झुंजीची पानं थरारून सोडतात. पण जादू न येणारा नायक विल डंजनमध्ये, म्हणजे भुयारी चक्रव्यूहात, उतरून राक्षस मारतो आणि श्रेयांक कमावतो. विद्या म्हणजे बळाचं मोजमाप, एवढंच राहतं. जादूगारांच्या मनोऱ्याच्या माथ्यावर पोचलेल्या बालमैत्रिणीला, एल्फारियाला, त्याने लहानपणीच शब्द दिलेला आहे, म्हणजे न बोललेलं असं काही पहिल्यापासूनच नाही.

याउलट मोतो हागिओंची १९७५ची ‘जूइचिनिन इरु!’ पाहावी. ती विज्ञानकथा आहे, पण या विषयाचं मर्म तिच्याइतकं कुणाला सापडलेलं मला दिसत नाही. अंतराळ अकादमीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दहा उमेदवारांना एका यानात ५३ दिवस काढायचे आहेत आणि यानात निघतात अकरा जण. त्यांतल्या फ्रोलचं लिंग अजून ठरलेलं नाही. परीक्षा पास झाली, तर त्याला पुरुष होण्याची मुभा मिळणार आहे. त्यांच्यातल्याच ताडाला फ्रोल आवडू लागतो, म्हणजे सोबत्याचं यश आणि स्वतःची इच्छा एकमेकांच्या आड येतात. निकालावर एका माणसाचं शरीर आणि दुसऱ्याचं प्रेम दोन्ही टांगलेलं असताना ताडा बराच काळ गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला वजन येतं.

आजच्या काळात अभ्यास खऱ्या अर्थाने रेखाटला तो कामोमे शिराहामांनी, २०१६ पासून चालू असलेल्या ‘विच हॅट आतेलिए’मध्ये. इथली जादू शाईने काढलेल्या वर्तुळांची. एक रेघ चुकली की सगळं बिघडतं, आणि प्रत्येक वर्तुळ वाचकाला नीट पाहता येतं. नामांकित घराण्यातली आगॉट शिंपिणीच्या मुलीला, कोकोला, पुरेशी तयारी नसताना परीक्षेला धाडते. पुढे तिचं कोकोकडे पाहणं बदलत जातं. मुली लहान आहेत, त्यामुळे प्रेम हा शब्द वापरायची घाई मी करणार नाही. पण आपल्याला न सुचलेली युक्ती दुसरीला सुचली, या जाणिवेतली असूया आणि आदर शिराहामा एकाच चेहऱ्यावर उमटवतात. शोजोत मनातलं सारं संवादाच्या फुग्याबाहेर लिहून टाकायची रीत आहे. इथे ते काम आगॉटची नजर करते.

मोठ्यांच्या बाबतीत हे धाडस र्‍योको कुईंनी ‘डंजन मेशी’त केलं (२०१४ ते २०२३, १४ खंड). जादूशाळेतली मार्सिल पुस्तकं कोळून प्यायलेली. फॅलिन तास चुकवून रानात भटकणारी. खऱ्या डंजनची समज मार्सिलला येते ती या भटकीकडून, आणि पहिल्या क्रमांकाचा ताठा तिथेच उतरतो. पुढे त्याच फॅलिनला मरणातून परत आणण्यासाठी मार्सिल निषिद्ध जादूला हात घालते. शिकलेलं सगळं एका माणसासाठी पणाला लावल्यावर कबुलीजबाब कशाला हवा? कुई तो कुणाच्याही तोंडी घालत नाहीत. शिवाय मार्सिल अर्धी एल्फ आहे, फॅलिनपेक्षा शेकडो वर्षं जास्त जगणारी. हे अंतर कुठल्याही परीक्षेने मिटणारं नाही आणि अद्भुतकथेवाचून ते मांडताही आलं नसतं. खंत एवढीच, की शाळेतले ते दिवस कुई मोजक्या पानांत उरकतात. त्या दोघींच्या अभ्यासाला एक अख्खा खंड मिळायला हवा होता.