लायकर्गस चषक : रंग आणि कथा यांचा अन्वय

ब्रिटिश म्युझियमने १९५८ मध्ये संपादन केलेला लायकर्गस चषक हा इसवी सनाच्या चौथ्या शतकातील रोमन काचकलेचा विलक्षण नमुना होय. बाहेरून पडलेल्या प्रकाशात तो हिरवा दिसतो. प्रकाश आरपार गेल्यास लाल. काचेतील सोने-चांदीच्या, सुमारे ५० ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांमुळे हे घडते, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून स्पष्ट झाले. यावरून ‘रोमनांचे नॅनोतंत्रज्ञान’ असे वर्णन सर्रास केले जाते. प्रस्तुत लेखकास ते दिशाभूल करणारे वाटते. कारागिरांना परिणाम ठाऊक असेल, कणांची कल्पना असणे शक्य नव्हते; शिवाय या वर्णनात चषकावरील कथाच हरवते. डायोनायससच्या अनुयायांवर हल्ला करणारा थ्रेसचा राजा लायकर्गस येथे द्राक्षवेलीत जखडला आहे. त्याने जिच्यावर झडप घातली ती अँब्रोसियाच वेल झाली आहे. मद्यदेवतेची ही सूडकथा कोरलेल्या पात्रामागे दिवा येताच हिरवी वेल मद्यासारखी लाल होते. येथे रंगबदल कथेपासून वेगळा काढताच येत नाही. आणखी एक बाब : चषकाची सोनेरी मुलाम्याची चांदीची कड व बैठक १८०० च्या सुमारास जोडलेली आहे. केवळ छायाचित्रांवरून त्याच्या ‘प्राचीन’ घाटाची प्रशंसा करणारे (आपल्यापैकी बहुतेक त्यांतलेच) हे विसरतात.