खिशातल्या गाण्यांची पारख

दिवाळी अंकात पुस्तकांची, नाटकांची, फार तर चित्रांची समीक्षा यावी असा आपल्याकडे रिवाज आहे. गाणे वाजवणाऱ्या एखाद्या यंत्राची समीक्षा करायला निघालेला लेखक वाचकांना दुकानदाराचा हस्तक वाटण्याचा संभव आहे. तो धोका पत्करून मी हा लेख लिहीत आहे. कारण गेल्या पाव शतकात आपल्या गाणे ऐकण्याला जे वळण लागले, त्यात गायकांच्या आणि संगीतकारांच्या बरोबरीने काड्यापेटीएवढ्या एका डबीचाही वाटा आहे. आणि त्या वाट्याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. आजवर या डबीची परीक्षा झाली ती बाजाराच्या भाषेत. गाणी किती मावतात, बॅटरी किती तास पुरते, किंमत काय, हे सारे प्रश्न विकत घेणाऱ्याचे आहेत. रसिकाचा प्रश्न निराळा आहे. हे यंत्र मला गाण्याचा कोणत्या प्रकारचा धनी करते, हा तो प्रश्न.

खिशातल्या संगीताचा इतिहास लहान आहे. १९७९ साली जपानमध्ये वॉकमन आला आणि चालत्या माणसाच्या कानाला कॅसेट लागली. २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आयपॉड निघाला. खिशात हजार गाणी, ही त्याची बढाई होती. २०२२ च्या मे महिन्यात त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्या वस्तूने एका पिढीची सवय बदलली, ती वस्तू एकवीस वर्षांत अडगळीत जमा झाली. तिचे काम आता मोबाइल करतो. तरीही इतर कंपन्यांची अशी यंत्रे अजून मिळतात, आणि माझ्यापाशी त्यांतलेच एक आहे. बोटाएवढा पडदा, चार कळा आणि ३२ जीबीचे कार्ड एवढाच त्याचा संसार.

हे यंत्र मी पारखले ते मुख्यतः पश्चिम रेल्वेच्या बोईसर ते विरार या पट्ट्यात. २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली, दुसऱ्या वर्षी पालघर जिल्हा झाला, आणि बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे या स्टेशनांवरचा माणूस मुंबईचा पुरता चाकरमानी झाला. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत काढणाऱ्या माणसाला ऐकायला वेळ मिळतो, पण शांतता मिळत नाही. यंत्राची कसोटी घ्यायला याहून कठोर जागा शोधून सापडायची नाही.

प्रथम आवाजाविषयी. एमपी-३ नावाची जी पद्धत या यंत्रांच्या मुळाशी आहे, तिचा मोठा भाग जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत घडला. कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि दोन्ही कानांचा हिशेब धरला तर सेकंदाला चौदा लाखांवर अंक साठवावे लागतात. एमपी-३ हेच काम नेहमीच्या दराने १,२८,००० अंकांत भागवते. अकरा हिश्श्यांतले दहा हिस्से ती गाळते ते कानाच्या एका दुबळेपणाच्या आधारावर. मोठ्या आवाजाच्या अंगाशी असलेला बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही. जो ऐकूच येणार नाही तो साठवायचा कशाला, असा हा व्यवहारी विचार आहे. या पद्धतीची परीक्षा शास्त्रज्ञांनी सुझॅन वेगा या गायिकेच्या वाद्यांवाचून गायलेल्या एका गाण्यावर घेतली होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वाद्यांच्या गर्दीत पुष्कळ दोष लपून जातात. एकटा गळा काहीच लपवू देत नाही. आपल्याकडे हीच परीक्षा तंबोऱ्यावर घ्यावी. दर फार उतरवला की जवारी आधी मरते, आणि तिच्या जागी पत्रा खरवडल्यासारखी एक कुरकुर ऐकू येते.

परंतु सफाळे सोडून गाडी वैतरणेच्या पुलावर चढली की ही सारी चिकित्सा निरर्थक ठरते. लोखंडाचा तो गडगडाट तंबोरा तर गिळतोच, गायकाचा अर्धा खर्जही गिळतो. जर्मन शास्त्रज्ञांनी जे काम गणिताने केले ते वैतरणेचा पूल रोज फुकट करतो. तेव्हा चांगला दर ठेवला असेल तर प्रवासातल्या श्रोत्याने आवाजाच्या बाबतीत या यंत्राला दोष देऊ नये. माझी तक्रार आवाजाविषयी नाहीच.

ती सुरू होते जागेपाशी. तीन मिनिटांच्या गाण्याला या दराने सुमारे तीन एमबी लागतात. म्हणजे माझ्या कार्डात दहा हजारांवर गाणी राहतील. रोज तीन तास ऐकले तरी ती एकदा संपायला सहा महिने पाहिजेत. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. या जाचाने थोर ख्यालगायकांना मोठा राग चिमटीत धरायला भाग पाडले, आणि याच जाचातून आपल्या भावगीताचा आटोपशीर घाट तयार झाला. जागा थोडी होती म्हणून गाणाऱ्याला निवड करावी लागे, आणि तबकडी महाग होती म्हणून ऐकणाऱ्यालाही. आता दोघांचीही अडचण सरली. बोईसरच्या बाजारात एके काळी मोबाइलच्या दुकानांतून थोड्या पैशांत कार्ड भरून मिळे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार तिथून आपल्या मुलखाची गाणी शेकड्यांनी भरून नेत. त्यांना मी नावे ठेवणार नाही. आठ-दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला आपली भाषा कानाशी मिळत होती, हे थोडे नव्हे. पण दुकानदाराने घाऊक भरून दिलेले कार्ड आणि आपण एकेक करून जमवलेला संग्रह यांत जो फरक आहे तो गाण्यांच्या संख्येने मिटत नाही. पहिल्यात माल असतो. दुसऱ्यात माणसाची आवड दिसते.

निवडीनंतर येतो क्रम. या यंत्रांत गाणी उलटसुलट वाजवण्याची एक कळ असते आणि पुष्कळांना तीच प्रिय असते. आता 'गीतरामायणा'चे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. गदिमांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि आठवड्याला एक गीत श्रोत्यांपुढे यायचे, असे ते वर्षभर चालले; त्या वर्षी पंचांगात अधिक मास आला म्हणून गीतांची संख्या छप्पन्नांवर गेली. म्हणजे या कृतीची लांबीसुद्धा मराठी वर्षाने ठरवलेली आहे. एका गीतानंतर सात दिवस थांबणे हा त्या श्रवणाचा भाग होता. आज ती छप्पन्न गीते एका बैठकीत संपतात, याचे मला वाईट वाटत नाही. ग्रंथही आपण एका बैठकीत वाचतोच. पण ती कळ दाबली की सीतेचे हरण होण्याआधी लंका जळते, आणि सेतू बांधून झाल्यावर राम जन्माला येतो! ख्यालाची गत याहून वाईट. विलंबित आणि द्रुत या एकाच विचाराच्या दोन पायऱ्या. त्या दोन फायलींत तोडल्या की यंत्राच्या लेखी ती दोन सुटी गाणी झाली. आधी द्रुत आणि तासाभराने विलंबित, असा चमत्कार मी पालघर आणि केळव्याच्या दरम्यान ऐकला आहे. सुट्या चिजेला ही कळ मानवते, रचनेला मानवत नाही. यंत्राला चीज आणि रचना यांतला भेद समजत नाही, आणि रोज यंत्राच्या संगतीत राहणाऱ्या श्रोत्यालाही तो हळूहळू समजेनासा होतो.

आता नावांविषयी, आणि माझा खरा वाद इथे आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणाला बसली तेव्हा गाणे संपताच तिने आपले नाव मोठ्याने उच्चारले. मुद्रिका तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या माणसांना हे गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यामागचा साधा उपयोग. पुढे आकाशवाणीने ही शिस्त वाढवली. गीत कोणाचे, चाल कोणाची आणि गळा कोणाचा, हे तिन्ही ऐकल्यावर गाणे सुरू व्हायचे. शाळेबाहेर ज्यांनी कवितेचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यांनाही या शिस्तीमुळे कवींची नावे पाठ झाली. माझ्या यंत्रात गाणी लावलेली आहेत ती कलावंताच्या नावाने, आणि कलावंत म्हणजे गायक. फडक्यांनी स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेले 'गीतरामायण' त्यांच्या नावाखाली सापडते. माडगूळकरांचे नाव शोधले तर यंत्र मख्ख राहते. फाइलीच्या रचनेत कवीसाठी खण ठेवलेला आहे, हे विशेष! पण तो क्वचित कोणी भरतो, आणि भरला तरी पडद्यावर दाखवण्याची तसदी यंत्र घेत नाही. देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी तर माझ्या पडद्यावर पुष्कळदा रिकाम्या चौकटींची रांग उभी राहते. मराठी भावगीत ही मुळात कविता आहे. तिच्यावरून कवीचे नाव पुसले गेले तर उरते ती केवळ एक गोड चाल, आणि त्या गोडीचे मूळ शोधत पुस्तकापर्यंत जाण्याची वाट बुजते. ही हानी कोणत्याही तांत्रिक परीक्षणात नोंदली गेलेली नाही.

रिकाम्या यंत्राऐवजी भरलेले यंत्र घ्यावे, असे कोणी सुचवील. एचएमव्हीची जुनी ग्रामोफोन कंपनी, जिचे नाव २००० साली सारेगामा झाले, तिने २०१७ साली 'कारवाँ' बाजारात आणला. जुन्या रेडिओच्या रूपाची ही पेटी. हिंदी आवृत्तीत पाच हजार गाणी आधीच भरलेली. पुढे तिची मराठी आवृत्तीही आली. पडद्याशी झटापट न करता एक बटण फिरवले की गाणे, ही तिची सोय वडीलधाऱ्या मंडळींना मानवली आणि अनेक घरांत संध्याकाळ पुन्हा बोलू लागली. समीक्षकाने मात्र तिच्याकडे काव्यसंग्रहाकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. प्रत्येक संग्रहाला संपादक असतो आणि त्याचा एक निकष असतो. इथे पहिला निकष मालकीचा आहे: जी गाणी कंपनीच्या भांडारात आहेत, त्यांतूनच संग्रह होणार. व्यापारात हे रास्तच आहे. परंतु घरात रात्रंदिवस तीच पेटी वाजू लागली की एका भांडाराची यादी म्हणजेच मराठी गाणे, असा समज मुलांच्या मनात रुजतो. आणि ज्या गाण्याची तबकडी कधी निघालीच नाही, त्याला या हिशेबात जागाच नसते.

असे गाणे माझ्या यंत्राच्या खिडकीबाहेर, रुळांच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आहे. भाताची कापणी आणि दिवाळी यांच्या सुमारास वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत न तुटणारा सूर धरून ठेवतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांनी या तारप्याभोवतीचा फेर जगभर पोचवला. चित्र पोचले, सूर मागे राहिला. मी तारप्याचे ध्वनिमुद्रण यंत्रात घालून गाडीत ऐकले आहे. खरे सांगायचे तर दहा मिनिटांत ते एकसुरी वाटू लागते. पण हा दोष तारप्याचा मानायला मी तयार नाही. तिथे सुरांत पडलेला लहानसा बदल ही नाचणाऱ्यांच्या पायांना दिलेली आज्ञा असते; चाल बदलली की फेराची पावले बदलतात. बाकावर बसलेल्या श्रोत्याचे पाय स्वस्थ असतात, म्हणून त्याला त्या बदलाचा अर्थ लागत नाही. या संगीताचा धनी व्हायचे तर फेरात उभे राहावे लागते. कानातल्या दोन बोंडांनी ज्याचे आकलन होत नाही असेही संगीत असते, आणि त्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही, एवढे ज्ञान या यंत्राने मला दिले. हे त्याचे अपयश आहे, पण उपयुक्त अपयश आहे.

मग हे यंत्र टाकून मोबाइलवर जगातले सगळे संगीत भाड्याने का ऐकू नये? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि बहुतेकांनी तेच केले. मला त्यात दोन अडचणी दिसतात. पहिली व्यवहाराची: खाडीच्या पट्ट्यात नेटवर्क तुटले की भाड्याचे गाणे तुटते. दुसरी महत्त्वाची. भाड्याच्या घराला आपण खिळा मारत नाही. पुढचे गाणे कोणते ते तिथे कोणी परस्पर ठरवते, आणि एखादे गाणे करार संपताच यादीतून नाहीसे झाले तर विचारायची सोय नसते. माझे यंत्र मुके आहे, अडाणी आहे, पण त्याचे कार्ड माझे आहे. म्हणून त्याचे दोष मला हाताने दुरुस्त करता येतात. 'गीतरामायणा'च्या गीतांना मी एक ते छप्पन्न आकडे घातले. विलंबित आणि द्रुत जोडून एक फाइल केली. कवीचा खण पडद्यावर दिसत नाही, म्हणून गाण्याच्या नावापुढेच कवीचे नाव लिहिले. आणि देवनागरी उमटत नाही तिथे, मन मारून, रोमन लिपीत. या कामाला कित्येक रविवार गेले.

यंत्राविषयी माझा निर्णय याच कामातून बनला आहे. जे यंत्र अशी दुरुस्ती करू देते ते घ्यावे, मग त्याचा आवाज थोडा उणा असला तरी चालेल. जे करू देत नाही ते कितीही गोड वाजले तरी त्याचा मालक दुसराच कोणी आहे असे समजावे. दहा हजारांची जागा असलेल्या माझ्या कार्डावर आज चारशेच्या आसपास गाणी आहेत. प्रत्येकाचा कवी मला ठाऊक आहे, आणि जिथे कवी अज्ञात आहे तिथे तसे लिहिलेले आहे.